पीएलसीवर सोपवलेलं यंत्र बिघडलं तर: फाउंड्री, डेअरी, साखर कारखाना आणि रुग्णालयासाठी सुरक्षेची तयारी

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याच्याच दाबानं ते उघडतात आणि एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत पडतं. बटण दाबायला माणूस लागत नाही, वीज लागत नाही. ज्या रात्री लाईट गेलेली असते, रस्ता बंद असतो आणि फोन लागत नाही, नेमकं त्याच रात्री ते काम करतात, कारण त्यांना उघडणारी ताकद म्हणजे ते वाढलेलं पाणीच.

आता कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडमध्ये जा. भट्टी, प्रेस, कॉम्प्रेसर, कन्व्हेयर, सगळं एका पॅनेलमधल्या पीएलसीवर, म्हणजे यंत्रांना हुकूम देणाऱ्या छोट्या औद्योगिक संगणकावर, चालतं. काम झकास होतं. पण तो पीएलसी, त्याचा सेन्सर किंवा त्याची वीज गेली तर यंत्र कसं वागेल, हे विचारलं की बहुतेक ठिकाणी मालक इलेक्ट्रिशियनकडे बघतो आणि इलेक्ट्रिशियन पॅनेल बनवणाऱ्याचा नंबर शोधतो. हा लेख अशा ठिकाणांसाठी आहे. प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. मालक, मेंटेनन्सवाला आणि पाळीवरचा ऑपरेटर असे तिघं एकत्र बसले की बरीचशी कामं वही, पेन आणि मल्टिमीटरवर होतात.

आधी धोक्यांची यादी

संगणकांची यादी करू नका, धोक्यांची करा. कच्चा माल आत येतो तिथून सुरुवात करून गाडी भरते तिथपर्यंत चालत जा आणि संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीपाशी थांबून चार प्रश्न विचारा. ही बंद पडली तर काय होईल? नको तेव्हा चालू झाली किंवा बंदच झाली नाही तर? उशिरा चालली तर? आणि चुकीचा आकडा दाखवत राहिली तर?

पहिले तीन प्रश्न कुणालाही सुचतात. चौथा राहून जातो आणि सगळ्यात जास्त घात तोच करतो. बंद पडलेलं यंत्र दिसतं, आरडाओरडा होतो, कुणीतरी धावतं. पडद्यावर ७२.४ अंश दिसत असताना दूध प्रत्यक्षात ६८ अंशांवर वाहत असेल, तर धावणार कोण?

प्रत्येक उत्तरापुढे लिहा की नुकसान कुणाचं: माणसाचं, मालाचं की पैशाचं. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू देऊ नका. जीएसटीचं बिल निघणारा संगणक दोन दिवस बंद राहिला तर ताप होतो, पण कुणी भाजत नाही. सगळ्या संगणकांना सारखीच काळजी द्यायला गेलात तर खर्च बिलाच्या संगणकावर होतो, कारण ओरड त्याचीच जास्त असते. पुढचं सगळं पहिल्या रकान्यासाठी आहे.

बिघडल्यावर यंत्रानं कुठं थांबायचं?

यादीतल्या प्रत्येक धोक्यासमोर आता एक ओळ लिहा: काहीही बिघडलं तर यंत्र कोणत्या स्थितीत जाऊन थांबलं पाहिजे. पॉवर प्रेसचं उत्तर सोपं आहे, रॅम, म्हणजे वरखाली होऊन दाबणारा भाग, थांबला पाहिजे. रेल्वेचा सिग्नल लाल झाला पाहिजे. पण "सगळं बंद" हे उत्तर सगळीकडे चालत नाही आणि कोल्हापुरात ते कुठं चालत नाही हे नीट पाहण्यासारखं आहे.

इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेच्या कॉईलनं धातू वितळवणारी भट्टी घ्या. तिच्या क्रुसिबलमध्ये (धातू वितळवायच्या भांड्यात) साधारण १४५० अंशांचं लोखंड आहे आणि लाईट गेली. भट्टीची वीज तुटली हे चांगलंच झालं. पण त्याच विजेवर कॉईलला गार पाणी देणारा पंप चालत होता. लोखंडाची उष्णता तर तशीच आहे. पाणी थांबलं की कॉईल तापते, तिला भोक पडू शकतं आणि तिच्यातलं पाणी वितळलेल्या धातूपर्यंत पोचलं तर स्फोट होतो. म्हणजे इथली सुरक्षित स्थिती "वीज बंद, पाणी चालू" ही आहे. म्हणूनच भट्टीच्या वर उंचावर पाण्याची टाकी ठेवतात आणि वीज गेल्याबरोबर आपोआप उघडणारा व्हॉल्व्ह बसवतात. पाणी उतारानं येतं, त्याला ना पीएलसी लागतो ना जनरेटर. तुमच्याकडे अशी टाकी असेल तर आज दोन गोष्टी बघा. टाकीत पाणी आहे का, आणि तो व्हॉल्व्ह शेवटचा कधी उघडला होता.

साखर कारखान्याच्या बॉयलरचंही तसंच. पंखे थांबले तरी ग्रेटवरचा बगॅस (उसाचा चोथा) लगेच विझत नाही, वाफ होतच राहते. त्यामुळे फीड वॉटरची, म्हणजे बॉयलरला पाणी देण्याची, एक सोय विजेवर अवलंबून नसलेली हवी. सेफ्टी व्हॉल्व्ह तर स्प्रिंगवरच असतो आणि त्याच्या आड कुठलाही संगणक येत नाही, ते बरंच आहे.

डेअरीतली रचना मला सगळ्यात आवडते. पाश्चरायझरमध्ये दूध किमान ७२ अंशांवर १५ सेकंद राहायला हवं. होल्डिंग ट्यूबच्या शेवटी फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह असतो. त्याला "पुढे जाऊ दे" असा हुकूम सतत मिळत राहावा लागतो. तापमान उतरलं, वायर तुटली, हवेचा दाब गेला, काहीही झालं तरी हुकूम थांबतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्हला मागं ढकलते. दूध परत बॅलन्स टँकमध्ये जातं. पुढे जायला परवानगी लागते, मागं फिरायला लागत नाही. तुमच्या यंत्रात हेच करता येतं का, ते शोधायचं.

रुग्णालयात मात्र ही युक्ती अर्धीच चालते. व्हेंटिलेटरला थांबून सुरक्षित होता येत नाही, चालू राहणं हीच त्याची सुरक्षा. तिथं उत्तर यंत्राच्या बाहेर असतं: खाटेशेजारी टांगलेली अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देणारी पिशवी) आणि ती वापरता येणारी नर्स, रात्रपाळीलासुद्धा.

वायर तुटली की काय होतं, ते करून बघा

ठरवलेलं वायरिंगमध्ये उतरलंय का, ते आता तपासायचं. इमर्जन्सी स्टॉपचं बटण नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्टवर असलं पाहिजे, म्हणजे एरवी त्यातून करंट वाहत राहतो आणि तो तुटला की यंत्र थांबतं. म्हणजे बटण दाबलं किंवा उंदरानं वायर कुरतडली, दोन्ही वेळा यंत्र थांबतं. उलट जोडणी केलेली पॅनेलं बाजारात भरपूर आहेत. त्यांत वायर तुटली तर बटण नुसतं शोभेचं राहतं, आणि ते कळतं हात अडकल्यावर. पडताळणी सोपी आहे: भट्टी गार आणि प्रेस रिकामा असताना, लॉकआउट करून (मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावून) वायर टर्मिनलमधून काढा, माणसं लांब करा, मग कुलूप काढून यंत्र चालू होतं का बघा. झालं, तर ते त्याच दिवशी दुरुस्त करा.

सेन्सरचंही असंच. ४ ते २० मिलिअँपिअरच्या सेन्सरमध्ये सगळ्यात कमी माप ४ ला येतं, शून्याला येत नाही, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. करंट शून्यावर आला तर वायर तुटली असं समजायचं. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ही अट घातली नसेल, तर पीएलसी शून्याचा अर्थ "फारच गार" असा घेतो आणि हीटर पूर्ण ताकदीनं चालू ठेवतो. पॅनेल घेताना विचारा, "सेन्सरची वायर काढली तर काय होईल?" आणि उत्तर तोंडी घेऊ नका, काढून दाखवायला सांगा.

राखणदार वेगळा ठेवा

ज्या संगणकाकडे काम आहे, त्याच्याचकडे राखण देऊ नका. जीव जाऊ शकतो तिथं पीएलसीपासून पूर्णपणे वेगळी एक साधी अडवणूक हवी: सेफ्टी रिले, स्वतंत्र थर्मोस्टॅट, दोन्ही हातांनी दाबायची बटणं, यांत्रिक स्टॉपर.

याची किंमत जगाला थेरॅक-२५ नं शिकवली. कॅन्सरवर किरणोपचार करणारं हे कॅनडात बनलेलं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्यानं अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रचंड जादा मात्रा दिली. त्यांतले काही दगावले. आधीच्या थेरॅक-२० मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्येही तसाच दोष होता, पण त्यात हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे सॉफ्टवेअर चुकलं तरी यंत्राला अडवणाऱ्या स्वतंत्र अडवणुकी होत्या. दोष उद्भवला की फ्यूज उडायचा, लोक फ्यूज बदलायचे आणि कुणाला इजा व्हायची नाही. नव्या मॉडेलमध्ये सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून ते इंटरलॉकच काढून टाकले. अनुभवी ऑपरेटर भरभर टाइप करायची तेव्हा पडद्यावरची माहिती आणि यंत्राची खरी स्थिती यांचा मेळ सुटायचा. पडद्यावर यायचं "मालफंक्शन ५४", ज्याचा अर्थ ऑपरेटरला कुणी सांगितलेलाच नव्हता. असले संदेश रोजच यायचे, मग एक कळ दाबून काम पुढे चालू.

हे वाचून परदेशातलं आणि जुनं वाटेल. तुमच्या एचएमआयवर (यंत्राच्या पॅनेलवरच्या पडद्यावर) "फॉल्ट १७" आला की ऑपरेटर काय करतो, ते एकदा मागं उभं राहून बघा.

दोन सेन्सर लावले की झालं, असंही नाही. बोईंग ७३७ मॅक्समध्ये विमानाचं नाक खाली दाबणारी यंत्रणा एका वेळी एकाच कोनमापक सेन्सरवर विसंबून होती, दुसरा सेन्सर विमानावर असूनही. ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन विमानं पडली, ३४६ माणसं गेली. दोन सेन्सर असतील तर त्यांची तुलना व्हायला हवी आणि पटलं नाही तर यंत्रानं थांबून सांगायला हवं. थांबणं परवडत नसेल तर तीन लावा आणि दोघांचं जमेल ते धरा.

जोडीला जोडी, पण एकाच विळख्यात नको

जून १९९६ मध्ये एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात साधारण ३७ व्या सेकंदानंतर भरकटून फुटलं. त्यात दिशा सांगणारे दोन संगणक होते, एक मुख्य आणि एक राखीव. दोघांत सॉफ्टवेअर तेच, एरियान-४ मधून उचललेलं. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त, तो आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही. राखीव संगणक आधी कोसळला आणि क्षणार्धात मुख्यही गेला, एकाच कारणानं.

आपल्याकडे हा प्रकार पाण्यानं दाखवला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर शहराला पाणी देणाऱ्या बालिंगा, नागदेववाडी, शिंगणापूर या उपसा केंद्रांना पुराचा फटका बसला, शहराच्या चारी बाजूंना पाणी आणि नळ कोरडे. केंद्रं एकाहून जास्त होती, पण सगळ्यांना गाठणारा पूर एकच होता.

म्हणून तुमच्या प्रत्येक राखीव वस्तूसमोर लिहा: मूळ वस्तूला जे मारेल ते हिलाही मारेल का? दोन पंप एकाच फीडरवर. दोन यूपीएस एकाच डीबीवर (वीजवाटपाच्या पेटीवर). जनरेटर तळघरात. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात. यादी लिहायला बसलात की हसू येतं आणि मग येत नाही.

पुराचा हिशेब तर वेगळा कागद घेऊन करा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. तुमच्या शेडचा रस्ता किती फुटांना बंद होतो, ते आजूबाजूच्या जुन्या माणसांना माहीत असतं. त्यावरून ठरवून टाका: ३९ ला डिझेल भरायचं आणि भट्टीचं नियोजन आटोपतं घ्यायचं, ४३ ला उत्पादन रीतसर थांबवायचं, कोण कुलूप लावणार, कोण राहणार. पाणी आल्यावर ठरवायला बसू नका. पॅनेलचा तळ २०१९ च्या खुणेच्या वर घ्या. वर घेता येत नसेल तर निदान पीएलसीचा भाग प्लगवर काढता येईल असा करा.

वळिवाची वीज हाही आपला पाहुणा. एप्रिल-मे मध्ये सर्ज प्रोटेक्टरचा निदर्शक हिरवा आहे का आणि अर्थिंगचा रोध किती आहे, एवढं पाहून घ्या. आणि जनरेटर रिकामा चालवून "चालतंय की" म्हणू नका. महिन्यातून एकदा खरा लोड देऊन अर्धा तास चालवा. तो ऐनवेळी सुरू झाला नाही तर पहिला संशय बॅटरीवर. यूपीएसमधल्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षांच्या, आणि भट्टीशेजारच्या उकाड्यात त्याहून कमी.

९९.९ टक्के म्हणजे किती?

विक्रेता "९९.९ टक्के अपटाइम" म्हणतो तेव्हा गुणाकार करा: वर्षाला सुमारे पावणेनऊ तास बंद. ९९ टक्के म्हणजे साडेसत्त्याऐंशी तास. ९९.९९ म्हणजे ५३ मिनिटं. आकडा वाईट नाही, पण ते पावणेनऊ तास कधी येतील हे त्यात नसतं. गाळप हंगामाच्या ऐन मध्यात सलग आले तर?

दुरुस्तीला किती वेळ लागतो हेच मग खरं. "आमचा माणूस पुण्याहून चार तासांत येतो" हे वाक्य करारात असतं. २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. त्यामुळे पुढच्या गोष्टी तुमच्याच कपाटात हव्यात: पीएलसीचा एक जादा सीपीयू आणि पॉवर सप्लाय, चालू प्रोग्रॅमची प्रत, आजच्या वायरिंगशी जुळणारा नकाशा, लागणारी केबल आणि प्रोग्रॅमचा पासवर्ड. पासवर्डवरून भांडण होतं. पॅनेल बनवणारे प्रोग्रॅम कुलूपबंद करून देतात, कारण पुढचं काम त्यांनाच मिळावं. त्यांचीही बाजू आहे, पण शेवटचा हप्ता देण्याआधी पासवर्ड सीलबंद पाकिटात घ्या. नंतर तो मिळत नाही.

प्रत घेतली एवढ्यानं भागत नाही. जादा सीपीयूवर ती चढवून यंत्र खरंच चालतं का, ते सुट्टीच्या दिवशी एकदा पाहून घ्या.

नवं उपकरण घेताना सिल (SIL) पातळी, म्हणजे सुरक्षेसाठी ते किती भरवशाचं आहे याची पातळी, कानावर पडेल. आयईसी ६१५०८ या मानकात १ ते ४ अशा पातळ्या आहेत, ४ सर्वांत कडक. रेल्वेगाड्यांची टक्कर टाळणारी कवच यंत्रणा सिल-४ ची आहे. प्रमाणपत्र त्या उपकरणाचं असतं. तुमच्या वायरमननं ते कसं जोडलं, याचं नसतं.

बदल करताना आणि दुरुस्ती करताना

यंत्र वर्षभर नीट चालतं आणि कुणीतरी हात लावला की बिघडतं, ही तक्रार खरी आहे. राधानगरीतच डिसेंबर २०२१ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना एक सर्व्हिस गेट उघडा अडकला आणि भर हिवाळ्यात नदीत लोंढा आला. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. विमानतळं, बँका, रुग्णालयं, सगळी एकाच सकाळी.

त्यामुळे अपडेट आधी एकाच संगणकावर, आठवडाभर थांबून मग बाकीच्यांवर. हंगामात काहीच बदलायचं नाही. मागे फिरायचा रस्ता, म्हणजे जुन्या प्रोग्रॅमची प्रत, हाताशी असल्याशिवाय नवा चढवायचा नाही. पीएलसी थेट इंटरनेटला जोडू नका. लांबून दुरुस्ती करायची असेल तर तेवढ्यापुरता राउटर चालू, काम संपलं की त्याची पिन काढा.

चाचणीची लांबीही बघा. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथं पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं आणि ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण बसत नाही. बारीक चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली, येणारं स्कड क्षेपणास्त्र निसटलं आणि २८ सैनिक मेले. दुरुस्त सॉफ्टवेअर दुसऱ्या दिवशी पोचलं. साखर कारखाना महिनोन् महिने रात्रंदिवस चालतो. कमिशनिंगला (यंत्र पहिल्यांदा चालू करून ताब्यात घेताना) दोन तास चालवून सही करणं पुरेसं नाही. काउंटर किती आकड्यांनंतर शून्यावर येतो आणि मेमरी भरली की काय होतं, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडून लेखी घ्या.

जंपरची वही

सेफ्टी गेटचा स्विच सारखा ट्रिप होतो, ऑर्डर उद्या द्यायची आहे, कुणीतरी वायरचा तुकडा, म्हणजेच जंपर, लावून तो बायपास करतं. "काय हुतंय?" तो तुकडा तिथंच राहतो. पुढच्या पाळीला तो माहीतही नसतो.

बायपास कधीच करायचा नाही असा नियम पाळला जात नाही, म्हणून वेगळा नियम करा. जंपर फक्त लाल वायरचे, क्रमांक टाकलेले, आणि ते शॉप इनचार्जच्या खणात. काढला की वहीत नोंद: कुठं लावला, कुणी सांगितलं, किती वाजेपर्यंत, तोवर गेटजवळ कोण उभं राहणार. पाळी बदलताना वही आणि खण दोन्ही पुढच्याच्या ताब्यात. खणात पाचऐवजी चारच वायरी असतील तर पाचवी सापडेपर्यंत यंत्र चालू होत नाही. आणि सारखा ट्रिप होणारा स्विच आधी बदला. तो बहुतेक वेळा काही हजारांत येतो, कधी तर ब्रॅकेट वाकडी असते म्हणून ट्रिप होतो.

अलार्मचीही छाटणी करा. महिन्याचे अलार्म काढा, ज्याच्यावर कुणी काहीच करत नाही ते बंद करा, उरलेल्यांसमोर मराठीत एक ओळ लिहा: "कॉईलचं पाणी कमी. मेल्टिंग बंद करा, टाकीचा व्हॉल्व्ह बघा." ऑपरेटरला यंत्र थांबवायला कुणाची परवानगी लागू नये, आणि विनाकारण थांबवलं म्हणून ओरडा बसू नये. एकदा ओरडा बसला की पुढच्या वेळी तो थांबवणार नाही.

तपासणीचं वेळापत्रक

पाळी सुरू होताना इमर्जन्सी स्टॉप दाबून बघणं, महिन्याला एका सेन्सरची वायर काढून बघणं, जनरेटरला लोड देणं. वर्षातून दोनदा, दिवसाउजेडी आणि सगळे तयार असताना, मेन स्विच पाडायचा. भट्टी त्या वेळी रिकामी, दूध पाण्यानं बदललेलं, आयसीयूत रुग्ण असतील तर हा भाग तिथं करायचाच नाही, शेजारच्या वॉर्डात करायचा. घड्याळ लावून एकानं फक्त बघत राहायचं आणि लिहायचं: काय व्हायला हवं होतं, काय झालं. फोन नंबरांची यादी भिंतीवर कागदावर हवी, कारण मोबाईल टॉवरही लाईटवर चालतात. सराव संपल्यावर जे ठरल्याप्रमाणे घडलं नाही, ते पहिल्या धोक्यांच्या यादीत नवी ओळ म्हणून घाला आणि तिच्यासमोर नाव व तारीख टाका.